कंपनी एक, धंदे अनेक: सेगमेंटची नोट कशी वाचायची

पुण्याच्या थरमॅक्सची वर्षाची विक्री वार्षिक अहवालात एका ओळीत सापडते. पण त्या ओळीच्या पोटात काय काय आहे ते बघा. कारखान्यांना लागणारे तयार बॉयलर आणि चिलर आहेत. वीज प्रकल्प आणि रिफायनऱ्यांची, वर्षानुवर्षं चालणारी मोठी कामं आहेत. पाणी शुद्ध करायला लागणारी आयन एक्स्चेंज रेझिन्स आहेत. शिवाय गिऱ्हाइकाच्या आवारात स्वतःच्या खर्चाने बॉयलर बसवायचा आणि त्याला वाफ विकायची, असाही एक धंदा आहे.

या प्रत्येक धंद्यात पैसा निराळ्या चालीने फिरतो. रसायन विकलं की उधारीची मुदत संपल्यावर पैसे येतात, विषय संपला. मोठ्या प्रोजेक्टमध्ये बिलं टप्प्याटप्प्याने निघतात, शेवटचा हप्ता गिऱ्हाईक रिटेन्शन म्हणून, म्हणजे काम नीट झाल्याची हमी म्हणून, अडकवून ठेवतं आणि ठरीव किमतीचं काम असेल तर पोलादाचा भाव चढल्यावर फटका कंपनीला. वाफेच्या धंद्यात आधी भांडवल ओतायचं आणि मग कराराची वर्षं संपेपर्यंत थोडं थोडं वसूल करत बसायचं. हे सगळं एका आकड्यात मिसळलं की ‘यंदा नफा वाढला’ या वाक्यातून फारसं काही कळत नाही. वाढला तो कुठे, आणि त्यासाठी भांडवल किती गुंतलं, हे शोधायची जागा म्हणजे आर्थिक पत्रकांमधली सेगमेंटची नोट, म्हणजे कंपनीच्या एकेका धंद्याचे आकडे वेगळे देणारी टीप.

ती शोधायलाही थोडी चिकाटी लागते, कारण बहुतेक अहवालांत ती टिपांच्या शेवटच्या भागात कुठेतरी असते. स्टँडअलोन, म्हणजे एकट्या मूळ कंपनीची, पत्रकं चाळून ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून परतणारे पुष्कळ. एकाच अहवालात स्टँडअलोन आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून केलेली) अशी दोन्ही पत्रकं असतील तर सेगमेंटची माहिती फक्त कन्सॉलिडेटेडमध्ये दिली तरी चालते, असा नियम आहे. आणि त्यात तथ्य आहे. थरमॅक्सचा वाफ विकण्याचा धंदा वेगळ्या उपकंपनीत आहे, मोठे बॉयलर करणारी कंपनी आणखी वेगळी. स्टँडअलोन पत्रकात हे धंदे दिसणारच नाहीत. लिस्टेड कंपन्यांच्या तिमाही निकालांसोबतही सेबीच्या नियमांप्रमाणे सेगमेंटचा तक्ता येतो. तो छोटा असतो, पण वर्षभर वाट पाहायला लावत नाही.

आता नियम. भारतात आधी एएस १७ हे हिशेबाचं मानक होतं आणि ज्या कंपन्या अजून इंड-एएसच्या (आंतरराष्ट्रीय मानकांना धरून केलेल्या नव्या भारतीय मानकांच्या) कक्षेत आलेल्या नाहीत त्यांच्यातल्या मोठ्यांसाठी ते आजही आहे. त्यात धंद्यानुसार आणि प्रदेशानुसार असे दोन प्रकारचे सेगमेंट काढायचे, त्यातला एक मुख्य आणि दुसरा दुय्यम मानायचा, अशी रीत होती. कसोटी ही की कुठल्या भागातली जोखीम आणि परतावा इतरांपेक्षा वेगळा आहे. २०१६ च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना इंड-एएस लागू झालं आणि त्यातल्या १०८ क्रमांकाच्या मानकाने प्रश्नच बदलला. जोखीम-परतावा राहू द्या. कंपनी चालवणारा माणूस स्वतः धंद्याकडे कसा बघतो तेवढं सांगा, असं हे मानक म्हणतं. आंतरराष्ट्रीय आयएफआरएस ८ हेच सांगतं, आणि त्याच्याही आधी १९९७ मध्ये अमेरिकेने हीच वाट धरली होती.

कंपनी चालवणाऱ्या या माणसाला मानकात ‘चीफ ऑपरेटिंग डिसिजन मेकर’ म्हणतात; ऑडिटरांच्या बोलण्यात तो ‘सीओडीएम’. हे पद नाही, काम आहे. कुठल्या विभागाला किती पैसा द्यायचा आणि कोणाची कामगिरी कशी मोजायची, हे जो ठरवतो तो सीओडीएम. बहुतेक ठिकाणी तो एमडी असतो, काही ठिकाणी वरिष्ठांची समिती. ज्या विभागाला स्वतःचं उत्पन्न आणि खर्च आहे, ज्याचे वेगळे आकडे तयार होतात आणि जे आकडे नियमितपणे या माणसाच्या टेबलावर जातात, तो ऑपरेटिंग सेगमेंट. म्हणून चांगला ऑडिटर नोट तपासताना आधी एमडीला दर महिन्याला जाणारा एमआयएस, म्हणजे कंपनीचा अंतर्गत आकड्यांचा अहवाल, मागतो. बजेट कोणत्या पातळीवर मंजूर होतं आणि विभागप्रमुखाचा बोनस कोणत्या नफ्यावर ठरतो, तेही विचारतो. एमआयएसमध्ये आठ विभाग आणि नोटमध्ये दोनच सेगमेंट असतील तर मधले सहा कुठे गेले, याचं उत्तर कंपनीला द्यावं लागतं.

पुढचं गणित एका काल्पनिक कंपनीवर करू. पाच विभाग: पंप, व्हॉल्व्ह, फाउंड्री, प्रोजेक्ट आणि सर्व्हिस. आकडे कोटी रुपयांत. पंपांची विक्री ६००, व्हॉल्व्हची १५०, प्रोजेक्टची १८०, सर्व्हिसची ७०. फाउंड्रीची विक्री २००, पण त्यातलं १७० चं कास्टिंग (धातू ओतून केलेले भाग) आपल्याच पंप विभागाला जातं, बाहेर जातं ३० चंच. नफा असा: पंप ७२, व्हॉल्व्ह १२, फाउंड्री १०, सर्व्हिस १६, आणि प्रोजेक्टला ३० चा तोटा.

कोणता विभाग नोटमध्ये वेगळा दाखवायचा? तीन चाळण्या आहेत, तिन्ही १० टक्क्यांच्या, आणि तिन्हींपैकी एकीत जरी विभाग बसला तरी तो दाखवावा लागतो. पहिली विक्रीची, आणि यात आपसातली विक्रीही धरायची. एकूण बेरीज १,२००, तिचे १० टक्के म्हणजे १२०. चार विभाग इथेच आत आले. फाउंड्रीसुद्धा, जरी बाहेरच्या जगाला ती फक्त ३० कोटींची दिसत असली तरी. सर्व्हिस ७० वर अडकली.

दुसरी चाळणी नफ्याची. नफ्यातल्या विभागांच्या नफ्याची बेरीज एकीकडे, तोट्यातल्या विभागांच्या तोट्याची दुसरीकडे, आणि यातली जी मोठी तिचे १० टक्के. इथे नफ्याची बेरीज ११०, तोट्याची ३०. म्हणजे कसोटी ११ ची. सर्व्हिसचा नफा १६, ती आत आली. तोट्याचं चिन्ह सोडून आकडा बघायचा असल्यामुळे ‘आमचा तो विभाग तोट्यात आहे, म्हणून दाखवला नाही’ ही सबब चालत नाही. तिसरी चाळणी मालमत्तेची. एवढं करून दाखवलेल्या सेगमेंटची बाहेरची विक्री कंपनीच्या एकूण विक्रीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर आणखी विभाग उघडावे लागतात. आणि दहापेक्षा जास्त सेगमेंट झाले तर नोट फार बारीक होत नाही ना, याचा विचार करा, असं मानक सुचवतं. ही शेवटची अडचण मी फार कंपन्यांना आलेली पाहिलेली नाही. ओढ उलट बाजूलाच असते.

ती ओढ म्हणजे विभाग एकत्र करण्याची. वरच्या कंपनीने पंप आणि प्रोजेक्ट जोडून ‘फ्लुइड सोल्युशन्स’ असं भारदस्त नाव दिलं, तर विक्री ७८० आणि नफा ४२ दिसेल. मार्जिन साधारण ५.४ टक्के. बेताचं आहे, पण दचकण्यासारखं काही नाही. प्रत्यक्षात आत १२ टक्के कमावणारा पंपांचा धंदा आहे आणि १८० कोटींच्या कामांवर ३० कोटी घालवणारा प्रोजेक्टचा धंदा आहे. वाचकाला यातलं काहीच कळणार नाही. प्रोजेक्टची नवी ऑर्डर मिळाली की तो उलट खूश होईल.

मानकाने यावर कुंपण घातलं आहे. दोन ऑपरेटिंग सेगमेंट जोडायचे तर त्यांची आर्थिक वैशिष्ट्यं सारखी हवीत, म्हणजे दीर्घकाळातलं सरासरी मार्जिन साधारण जुळणारं हवं. शिवाय उत्पादनाचं स्वरूप, उत्पादनाची प्रक्रिया, गिऱ्हाइकाचा प्रकार आणि विक्रीची पद्धत यांतही साम्य हवं. बँकिंग, विमा किंवा सार्वजनिक सेवांसारखा धंदा असेल तर नियामक व्यवस्थाही सारखी हवी. १२ टक्के नफा आणि १७ टक्के तोटा यांना सारखं म्हणणं कोणालाही जड जाईल. पण कुंपणाला एक फट आहे. एमडीसमोर मुळात पंप आणि प्रोजेक्ट यांचा एकत्रच आकडा ठेवला जातो असं कंपनी म्हणाली, तर जोडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मग तो पहिल्यापासून एकच सेगमेंट. कागदोपत्री हे बसतं. पण १८० कोटींच्या धंद्याचा नफा-तोटा एमडी वेगळा बघतच नाही, यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा फारसा बसत नाही.

आपसातल्या विक्रीकडेही जरा थांबून बघायला हवं. फाउंड्री पंप विभागाला १७० कोटींचं कास्टिंग कोणत्या भावाने देते? हा भाव कंपनीच्या आत ठरतो. तो ५ टक्क्यांनी वाढवला की साडेआठ कोटींचा नफा पंपांकडून फाउंड्रीकडे सरकतो: फाउंड्री १० वरून साडेअठरावर, पंप ७२ वरून साडेत्रेसष्टवर. कंपनीचा एकूण नफा जिथल्या तिथे. त्यामुळे हा भाव कसा ठरतो, हे सांगणारं नोटमधलं वाक्य वाचावं. बाजारभावाने, खर्च अधिक ठरावीक टक्के, की निव्वळ खर्चाला, हे तिथे लिहिलेलं असतं. हे वाक्य मागच्या वर्षीपेक्षा बदललेलं असेल, तर सेगमेंटच्या नफ्यातली चढउतार धंद्यातली नसून हिशेबातली असू शकते.

मालमत्ता आणि देणी यांचे रकानेही असतात, पण तेही एमडीकडे नियमित जात असतील तरच. काही कंपन्या ‘मालमत्ता सगळ्या सेगमेंटमध्ये मिळून वापरली जाते, त्यामुळे वाटून दाखवलेली नाही’ असं एक वाक्य लिहून मोकळ्या होतात. एकाच शेडखाली तीन प्रकारचा माल निघत असेल तर ते खरंही असतं. जिथे आकडे मिळतात तिथे मात्र ते सोडू नयेत. समजा, आपल्या व्हॉल्व्ह विभागात १५० कोटींचं भांडवल गुंतलं आहे आणि सर्व्हिसमध्ये २० कोटींचं. व्हॉल्व्हचा नफा १२, म्हणजे ८ टक्के. बँकेच्या कर्जाचा व्याजदर याहून जास्त असायचा. सर्व्हिस २० कोटींवर १६ मिळवते. नफ्याच्या रकान्यात १२ आणि १६ शेजारी शेजारी बसतात, जवळपास सारखे वाटतात. भांडवलाचा रकाना वाचल्यावर ते एका पंगतीत बसायच्या लायकीचे राहत नाहीत.

तक्त्याच्या तळाशी ताळमेळ असतो. आपल्या कंपनीच्या सेगमेंटच्या नफ्याची बेरीज ८०. पण नफा-तोटा पत्रकातला करपूर्व नफा ४४. मधले ३६ कुठे गेले? आपसातल्या विक्रीतला, अजून स्टॉकमध्येच पडून असलेला नफा वजा २, व्याज वजा १८, ‘अनअलोकेटेड’ म्हणजे कोणत्याच सेगमेंटवर न टाकलेला खर्च वजा २५, गुंतवणुकीवरचं उत्पन्न अधिक ९. झाला हिशेब. सेगमेंटचा नफा मानकांच्या इतर नियमांप्रमाणेच मोजला पाहिजे असं बंधन नाही; एमडी जसा मोजतो तसा दाखवायचा, म्हणून हा ताळमेळ सक्तीचा केला आहे. त्यातली माझी आवडती ओळ ‘अनअलोकेटेड’. मुख्य कार्यालयाचा पगार, ब्रँडची जाहिरात, संशोधन केंद्र, जुन्या कोर्टकज्ज्यांची तरतूद असं सगळं त्यात जातं. रास्तच आहे, एमडीचा पगार पंपांवर किती आणि व्हॉल्व्हवर किती टाकणार? पण ही ओळ दरवर्षी फुगत असेल आणि त्याच वेळी सगळे सेगमेंट सुधारत असतील, तर सुधारणा नक्की कारखान्यात झाली की रकान्यात, हे तपासायला हवं.

थरमॅक्सकडे परत येतो, कारण रेषा सरकल्या की काय दिसायला लागतं याचा तो चांगला नमुना आहे. एकेकाळी या कंपनीचे सेगमेंट दोनच होते, एनर्जी आणि एन्व्हायर्न्मेंट, आणि रसायनांचा धंदा एन्व्हायर्न्मेंटच्या पोटात होता. मग रसायनं वेगळी काढली. २०२२-२३ च्या अहवालात तर मांडणीच बदललेली दिसते: इंडस्ट्रियल प्रॉडक्ट्स, इंडस्ट्रियल इन्फ्रा, ग्रीन सोल्युशन्स आणि केमिकल. आता ठरावीक तयार मालाचा धंदा एका बाजूला आणि मोठ्या प्रोजेक्टचा दुसऱ्या बाजूला. बॉयलर दोन्हीकडे आहेत, पण छोटा तयार बॉयलर विकणं आणि मोठा प्रकल्प उभारून देणं यांतलं मार्जिन आणि धोका वेगळा, हे आता तक्त्यात दिसतं. रसायनांचं मार्जिन इन्फ्राच्या मार्जिनपेक्षा बरंच वर आहे, आणि प्रोजेक्ट रखडल्याचा चटका कोणत्या खात्यात बसला हेही तिमाहीगणिक कळतं. अशी फेररचना केली की मागच्या वर्षाचे आकडेही नव्या रेषांप्रमाणे पुन्हा मांडून द्यावे लागतात. म्हणून जुन्या अहवालातले आकडे नव्या अहवालाशी थेट जुळवायला जाऊ नये. रेषा सरकण्याला नेहमी शुद्ध हेतूच असतो असं नाही. पण इथे वाचकाच्या पदरात आधीपेक्षा जास्त पडलं, हे मान्य करायला हवं.

आता भूगोल. इंड-एएस १०८ मध्ये प्रदेश हा दुय्यम सेगमेंट उरलेला नाही. तो सगळ्या कंपनीसाठी द्यायच्या माहितीत येतो. कंपनीचा एकच सेगमेंट असला, तरी ही माहिती चुकत नाही. दोन गोष्टी द्यायच्या: बाहेरच्या गिऱ्हाइकांकडून आलेलं उत्पन्न कुठून आलं, आणि नॉन-करंट मालमत्ता, म्हणजे मुख्यतः जमीन, इमारती, यंत्रं, कुठे आहे. किमान स्वदेश आणि परदेश अशी फोड हवीच. एखाद्या देशाचा वाटा लक्षणीय असेल तर तो वेगळा. पण लक्षणीय म्हणजे किती, हे इथे टक्क्यांत दिलेलं नाही, आणि त्याच आडोशाने बऱ्याच कंपन्या ‘भारत’ आणि ‘भारताबाहेर’ अशा दोन ओळींवर भागवतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा ‘भारताबाहेर’ या ओळीतली अमेरिका किती, हे शोधताना गुंतवणूकदारांची दमछाक झाली. आकडा बऱ्याचदा गुंतवणूकदारांसाठीच्या प्रेझेंटेशनमध्ये सापडतो. पण ते प्रेझेंटेशन ऑडिट झालेलं नसतं, एवढं लक्षात असू द्यावं.

उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा असे दोन तक्ते शेजारी का ठेवायचे, हे भारत फोर्जवरून चांगलं कळतं. पुण्यात मुंढव्याला फोर्जिंगचा, म्हणजे तापवलेला धातू दाबून भाग घडवण्याचा, मोठा कारखाना असलेल्या या कंपनीने २००४ मध्ये जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली, पुढे स्वीडनमध्ये कारखाना घेतला आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात अॅल्युमिनियम फोर्जिंग सुरू केलं. म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला विकलेला माल पुण्याहून जहाजाने गेलेला असू शकतो किंवा तिथेच तयार झालेला. आयातकर पहिल्यावर लागेल, दुसऱ्यावर नाही. उत्पन्नाचा तक्ता माल कुठे विकला गेला तेवढं सांगतो. तो कुठे बनला असावा, याचा अंदाज मालमत्तेच्या तक्त्यावरून येतो. युरोपातलं उत्पन्न आणि युरोपातली यंत्रसामग्री दोन्ही मोठी असतील, तर तिथला विजेचा भाव आणि तिथल्या कामगारांचा पगारही तुमच्या नफ्यात बोलणार.

उत्पन्न कोणत्या देशाच्या नावावर टाकायचं याचा आधारही कंपनीला सांगावा लागतो. गिऱ्हाईक कुठलं, माल कुठे उतरला की बिल कोणाच्या नावाचं, यावर चित्र बदलतं. एखादी कंपनी व्हॉल्व्ह मुंबईतल्या ठेकेदाराला विकते आणि ठेकेदार ते आखातातल्या रिफायनरीत बसवतो. बिल भारतातलं, उत्पन्न ‘भारत’ या ओळीत. तेलाचे भाव पडून आखातातली कामं थांबली, तर या देशी विक्रीलाही खीळ बसणार, पण तक्त्यात ते कुठेच दिसणार नाही.

शेवटची ओळ मोठ्या गिऱ्हाइकांची. ज्या एका गिऱ्हाइकाकडून १० टक्के किंवा जास्त उत्पन्न येतं त्याची रक्कम आणि ते कोणत्या सेगमेंटमधून आलं हे सांगायचं. नाव देण्याची सक्ती नाही. एकाच मालकीखालच्या कंपन्या एक गिऱ्हाईक धरायच्या, म्हणजे एखाद्या ट्रक कंपनीच्या चार देशांतल्या उपकंपन्यांना विकलेला माल एकत्र मोजायचा. सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ‘ग्राहक अ’ कोण, हे चाकणच्या रस्त्यावर कोणीही सांगेल. नाव कळण्यापेक्षा त्याचा वाटा कसा हलतो ते बघणं कामाचं: मागच्या वर्षी ३१ टक्के असलेला ‘ग्राहक अ’ यंदा २४ वर आला आणि एकूण विक्री तेवढीच राहिली, तर त्याने दुसरा पुरवठादार धरला की कंपनीने दुसरी गिऱ्हाइकं जोडली, हा प्रश्न वार्षिक सभेत एखाद्या भागधारकाने हात वर करून विचारावा असा आहे.